दार लावून घ्या

सुदर्शनभाऊंच्या सत्यमच्या भुवईला तीन टाके पडले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सिंधुला शाळेतून बोलावणं आलं. ती तेव्हा परक्याच्या रानात कापूस वेचत होती. कमरेची ओटी अर्धी भरली होती. वाळक्या बोंडांची टोकं लागून बोटांच्या कडांना चिरा पडल्या होत्या. तिनं ओटी ढिगावर रिकामी केली, पदरानं तोंड पुसलं आन निघाली.

"सिंधे, असं रोजच चाललं तर मी दुसरी बाई बघीन बरं का," मुकादमीण मागून ओरडली.

सिंधुनं मागं बघितलं नाही.

शाळेच्या हाफिसात हेडमास्तर गुरुपादप्पा सर बसले होते. समोरच्या खुर्चीत सुदर्शनभाऊ. ते सत्यमचे वडील आन शाळेच्या समितीचे अध्यक्षही. कोपऱ्यात खिचडीच्या तांदळाची पोती रचलेली होती, त्याला टेकून सुकन्या उभी होती. सहावीतली पोर, अकरा वर्षांची. वेणीचा एक पेड सुटला होता. तो तिनं बांधला नव्हता.

सरांनी वही उघडून वाचलं. "दिवाळीच्या आधी एका मुलीला हाताला चावली. सुट्टीनंतर वर्गाच्या दाराला दगड घातला. आणि काल सत्यमला लोखंडी कंपासपेटी फेकून मारली. तिन्ही वेळेला विचारलं, कारण सांगत नाही. बोलतच नाही."

"घरी बी कमीच बोलती सर," सिंधु म्हणाली. "पूर आला तव्हापासून."

"पूर सगळ्यांच्याच घरी आला होता," सुदर्शनभाऊ म्हणाले. आवाज चढवला नव्हता त्यांनी. "डोळा थोडक्यात वाचला माझ्या पोराचा. मी पोलिसात गेलो न्हाई. पर ही पोरगी त्याच वर्गात बसणार असंल तर मला बी इचार करावा लागंल. दाखला घ्या, दुसरीकडं घाला."

दुसरी शाळा सात किलोमीटरवर, बिलोलीच्या वाटेवर. एसटी सकाळी एकदा.  सिंधु पायाच्या अंगठ्यानं फरशीवरचा कापसाचा तंतू उचलायला बघत राहिली.

गुरुपादप्पा सरांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. पूरग्रस्त गावांतल्या शाळांसाठी लातूरहून एक समुपदेशक मॅडम टॅबवरून मुलांशी बोलतात, असं त्यात होतं. दर बुधवारी अकरा वाजता. चार वेळा. आईनं किंवा वडिलांनी सोबत बसायचं.

"चार बुधवार बघू," सर म्हणाले. "मग समिती ठरवील. भाऊ, चालेल?"

सुदर्शनभाऊंनी मान हलवली. जाताना त्यांनी सुकन्याकडं बघितलं. पोरीनं नजर खाली घातली नाही, तेव्हा त्यांनीच घातली.

*

पहिल्या बुधवारी सिंधुनं धुतलेलं लुगडं नेसलं. सरांनी टॅब हजेरीच्या जाड वह्यांना टेकवून उभा केला. पडद्यावर एक तरुण बाई दिसली. कानाला वायर, मागं पांढरी भिंत. खालच्या कोपऱ्यात छोट्या चौकोनात सिंधुला स्वतःचंच तोंड दिसलं. उन्हानं रापलेलं, गालाची हाडं वर आलेली. तिनं झटकन पदर पुढं ओढला.

"नमस्कार. मी वर्षाराणी. सुकन्या, तुला माझा आवाज येतोय ना? छान. सर, तुम्ही बाहेर थांबाल का? आणि दार लावून घ्या. आतलं बोलणं आतच राहील."

सर बाहेर गेले. दार ओढलं गेलं. पोरं आत शिरू नयेत म्हणून सरांनी बाहेरून कडी घातली. खट्ट.

वर्षाराणी मॅडम चांगल्या बोलत होत्या. हळू, हसऱ्या आवाजात. तुला काय आवडतं, मैत्रीण कोण, शाळेत कसं वाटतं. सुकन्या स्टुलावर ताठ बसून राहिली. मॅडमनी पडद्यापुढं चित्रांची पानं धरली. हसणारं तोंड, रडणारं तोंड, रागावलेलं तोंड. "आज तू यातली कोणती आहेस? बोट दाखव फक्त."

सुकन्याचं बोट हललं नाही. मध्येच चित्र गोठलं, आवाज तुटला, मॅडमचं अर्धं वाक्य लातुरातच राहिलं. परत आलं तेव्हा लांब कुठंतरी कुकरची शिट्टी वाजली. बिचारी घरात बसूनच बोलत असावी, असं सिंधुला वाटलं.

अर्धा तास संपला. "पहिल्यांदा असंच होतं, सिंधुताई. तिला वेळ देऊ," मॅडम म्हणाल्या.

बाहेर खिचडी ढवळणारी बाई उभी होती. "काय मनली टीव्हीतली डॉक्टरीण?" तिनं विचारलं. दुपारच्याला सिंधु कापसात परतली तर तिथं बायांना आधीच कळलं होतं. एकीनं विचारलं, "पोरगी येडी झाली म्हणतेत, खरं हाय का?" सिंधुनं ओटी बांधली आन वेचायला लागली. त्या दिवशी बाकीच्या बाया दोन सऱ्या पुढं होत्या. ती एकटीच मागं राहिली.

*

निवृत्ती, तिचा नवरा, नदीकाठच्या रानात गाळ काढत होता. भादव्यात मांजरा फुगली तेव्हा दोन एकरांवर मांडीएवढा गाळ बसला होता. वरून वाळून त्याचे कौलासारखे तुकडे झालेले, आत अजून ओल. सोयाबीन त्याखालीच कुजलं. यंत्र लावणाऱ्यांची रानं केव्हाच मोकळी झाली. निवृत्ती खोरं आन टोपलं घेऊन रोज थोडा थोडा कोपरा उघडा करी. तळहाताला फोड, फोडावर फोड.

पुराच्या वेळी तो आन सुकन्या रानातल्या आखाड्यावर, वस्तीच्या झोपडीत होते. सिंधु गावात, सासूजवळ. पहाटे पाणी चढलं. दोघं बाप-लेक राखणीच्या मचाणावर चढले म्हणून वाचले. खाली पत्र्याच्या गोठ्यात म्हैस, तिची लहानगी वगार आन तीन शेळ्या. दाराला बाहेरून कडी होती. गोठा बुडेपर्यंत म्हैस ओरडत होती, एवढं निवृत्तीनं एकदाच सांगितलं होतं. पंचनाम्याला तलाठी आला तेव्हा अर्धं गाव बांधावर उभं होतं. जनावरं सोडली का न्हाईत, असं कुणीतरी विचारलं. निवृत्ती म्हणाला, "पोरीनं कडी लावली होती. लेकरूच ते, भ्यालं." सिंधुला तेवढंच माहीत होतं.

"बुधवारी तुमी चला की शाळेत," ती म्हणाली.

"मला कुठं सवड हाय? हे बघून राहिलीस ना?" त्यानं खोरं गाळात मारलं. "आन त्या मोबाइलपुढं बसून काय व्हणार? पोरीला दोन दिवस गप बसू द्या. व्हईल ठीक."

"ती तुमच्यासंगं बोलती का?"

निवृत्तीनं टोपलं भरलं. "उचलू लाग," एवढंच म्हणाला.

*

दुसऱ्या बुधवारी सर दार ओढायला लागले तेव्हा सिंधु लेकीकडं बघत होती. पडद्याकडं बघायची तिला आता लाज वाटत होती म्हणून. कडी पडली, खट्ट, आन सुकन्याच्या मानेची शीर टरारून वर आली. तोंड तसंच राहिलं, कोरं. पण खाली, टेबलाआड, तिच्या पायाची बोटं आत वळली, नखं स्टुलाच्या कडेत रुतली. मॅडमला पडद्यात लेकराचं तोंड तेवढं दिसत होतं. पाय दिसत नव्हते.

"सुकन्या, आज आपण श्वासाचा एक खेळ खेळू. डोळे मिट. नाकानं श्वास घे..."

सुकन्यानं डोळे मिटले. एक श्वास घेतला. दुसरा अर्ध्यातच अडला. मग तिनं दोन्ही हातांनी टेबल ढकललं. वह्या घसरल्या, टॅब फरशीवर पालथा पडला. पोर दाराशी गेली आन दोन्ही मुठींनी बडवायला लागली. ओरडत नव्हती. नुसती बडवत होती.

सरांनी धावत येऊन कडी काढली. ती त्यांच्या काखेखालून निसटून झेंड्याच्या कट्ट्यापाशी जाऊन उभी राहिली, धापा टाकत.

"अहो, सरकारी वस्तू आहे ही!" सर टॅब उचलून बघत होते. एका कोपऱ्याला केसाएवढी चीर गेली होती. सिंधुनं तो त्यांच्या हातातून घेतला आन पदरानं पुसत राहिली. पुसून चीर जाणार नव्हती. आतून मॅडमचा आवाज येत होता, "सिंधुताई, काय झालं? मला नुसतं छत दिसतंय. सुकन्या ठीक आहे का?"

सरांना वहीत लिहिताना सिंधुनं बघितलं. "प्रतिसाद नाही. वस्तूचे नुकसान."

घरी तिनं सासूला विचारलं. गौरम्मा तेलंगणाच्या कडेची, साठ वर्षं इकडं काढूनही बोलण्यात तिकडचे शब्द; लेकराला बिड्डा म्हणायची. ज्वारी निवडता निवडता म्हातारी म्हणाली, "बिड्डा दार लावू देत न्हाई की. न्हाणीचं बी न्हाई, घरचं बी न्हाई. मी लावलं की उठून उघडती. तुला दिसलं न्हाई?"

सिंधुला दिसलं होतं. उकडतं म्हणून करत असंल, असं तिनं धरलं होतं. चावली त्या दिवशी पोरी संडासाचं दार बाहेरून धरून उभ्या होत्या, हे तिनं शेजारच्या पोरीकडून काढून घेतलं. दगड घातला तो दाराला. सत्यमनं काय केलं होतं ते तिनं संध्याकाळी त्यालाच गाठून विचारलं. भुवईवर पट्टी घेऊन पोरगं ओट्यावर बसलं होतं.  पट्टी खाजवत म्हणालं, "मी नुसती वर्गाची कडी लावली, काकू. सगळेच कडी म्हणतेत तिला. कडी आली, कडी आली. मी बी मनलो."

*

तिसऱ्या बुधवारी सर दाराला हात घालणार तोच सिंधु मध्ये उभी राहिली.

"दार लावू नका सर."

"ताई, नियम आहे. बोलणं गुप्त राहायला पाहिजे."

"मॅडमला इचारते." तिनं टॅब उचलला, उलटा फिरवला आन दारापुढं धरला.  "मॅडम, हे बघा. ह्या दाराला ही कडी हाय. तुमी दार लावा मनलात की सर ही बाहेरून घालतेत. माझं लेकरू ह्या कडीला भितंय. गोठ्याला अशीच होती. तुमाला दिसत न्हवतं मनून सांगायली."

 पडद्यावर मॅडमनी कानातली वायर नीट केली. "माझं चुकलं, सिंधुताई. मी विचारायला पाहिजे होतं. तुम्ही तिला कुठं बसवाल?"

झेंड्याच्या कट्ट्यापलीकडं लिंबाचं झाड होतं. रेंजही तिथंच जास्त. सरांनी स्वतः सतरंजी टाकली आन पोरांना लांब ठेवायला वर्गाच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. सुकन्या झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसली. तिचे खांदे खाली आले. सिंधुनं तिची वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली.

सतरंजी पडेपर्यंत सिंधुनं गोठ्याचं आन 'कडी' ह्या नावाचं मॅडमना सांगितलं होतं. त्यांनी आज चित्रं दाखवली नाहीत. गोठ्यात काय काय होतं, एवढं विचारलं.

"म्हैस," सुकन्या म्हणाली. आवाज घोगरा होता. "आन वगार. तिच्या कपाळावर पांढरं होतं. शेळ्या तीन."

"कडी लावली म्हणून जनावरं गेली, असं सगळे म्हणतात ना तुला? ऐक, सुकन्या. तू लहान आहेस. तू घाबरली होतीस. त्यात तुझी काहीच चूक नाही. तू स्वतःला दोष..."

"मला म्हाईत हाय," सुकन्या म्हणाली.

मॅडम पडद्याच्या जवळ सरकल्या.

"माझी चूक न्हाईच. मी भ्याले बी न्हवते. मी मनले, पप्पा, भोंग्यावर सांगितलंय जनावरं सोडा मनून. ते मनले, पाणी येत न्हाई इथपर्यंत, लाव गुमान. मग लावली." पोर पडद्याकडं बघून एकसारखं बोलत होती, कविता म्हणावी तसं. "मग तलाठ्याला मनले, पोरीनं लावली. मी तिथंच होते. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. आता पोरं कडी मनतेत. पप्पासमोर बी मनतेत. ते कायच बोलत न्हाईत."

सिंधुच्या हातात वेणीचे तीन पेड तसेच राहिले. टॅबवर मॅडमचं तोंड अर्धवट उघडं गोठलं होतं. रेंज गेली का त्याच बोलत नव्हत्या, ते कळेना. मग आवाज आला. "सिंधुताई... पुढच्या बुधवारी वडिलांना आणाल का?"

*

त्या दिवशी ती कापसात गेलीच नाही. तडक रानात गेली. निवृत्ती गुडघाभर खड्ड्यात होता. तिनं टोपलं घेतलं, भरलं, बांधावर नेऊन ओतलं. परत आली. अशी दहाबारा टोपली झाली. मग म्हणाली, "कडी तुमी लावायला सांगितली."

खोरं थांबलं.

"कोन मनलं?"

"जिनं लावली तिनं."

निवृत्ती खड्ड्याच्या कडेवर बसला. हाताचा फोड दुसऱ्या हातानं दाबत राहिला. "आदल्या दिवशी सुदर्शनभाऊ स्वतः आला होता. निवृत्ती, जनावरं सोड, गावात घेऊन चल, मनला. मी हसलो त्याला. आमी नदीकाठचे हाव, आमाला पाणी शिकवू नको, असं मनलो. आन पंचनाम्याला तोच समोर उभा. सगळं गाव उभं. निघून गेलं तोंडातून. वाटलं, लेकराला कोन काय म्हणनार?"

"दोन महिने मनून राहिले की लेकराला."

"मला म्हाईत हाय."

"तिचा दाखला काढून राहिलेत. तुमच्यापायी."

"त्या मशिनीपुढं मी न्हाई बोलणार, सिंधु. सुदर्शनपुढं तर न्हाईच."

तिनं टोपलं पालथं केलं, गाळ झाडला. "मी सांगू शकते सगळ्याला. पर मी न्हाई सांगणार. तुमीच सांगायला पायजे," म्हणाली आन घराकडं चालायला लागली.

त्या आठवड्यात घरात भांड्यांचाच आवाज होता. गौरम्मानं लेकापुढं ताट सरकवताना एकदाच तोंड उघडलं. "बिड्डा तुझीच हाय ना रे, निवरत्या?" तो न जेवता उठला.

*

चौथ्या बुधवारी लिंबाखाली सतरंजीवर सिंधु, सुकन्या आन टॅब. बाजूला खुर्ची टाकून सुदर्शनभाऊ बसले होते. गुरुपादप्पा सरांच्या हातात दाखल्याचा कोरा अर्ज होता, तो ते उगीच उलटापालटा करत होते. साडेअकरा होत आले.

"अजून थोडं थांबू," मॅडम पडद्यातून म्हणाल्या. "पुढची शाळा बाराला आहे माझी."

फाटकातून निवृत्ती आला. रानातून सरळ आला होता. पिंढऱ्यांपर्यंत चिखल, हातात खोरं. ते कुठं ठेवावं त्याला कळेना. मग भिंतीला टेकवलं. सतरंजीच्या कडेला, मातीतच बसला.

"दादा, मला तुमचा आवाज येईल, पण तुम्ही दिसत नाही. जरा पुढं येता का?"

तो पुढं सरकला.  "मॅडम, ह्याच्यात माझंच तोंड दिसून राहिलंय मला. न्हाई बोलता येत."

"मग माझ्याकडं बघू नका. सुकन्याकडं बघा."

त्याला ते त्याहून अवघड गेलं. तो बराच वेळ पोरीच्या पायांकडं बघत राहिला. मग मान वर केली. "कडी मीच लावायला सांगितली. तू नको मनत होतीस. मी तुझं ऐकलं न्हाई."  खुर्चीकडं न बघता त्यानं पुढचं सांगितलं. "सुदर्शनभाऊ, तुमी सांगून गेला होतात. मी हसलो. मग लाज वाटली आन पोरीच्या अंगावर ढकललं. तुमच्या पोराला लागलं ते बी माझ्यामुळंच."

सुदर्शनभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझ्या पोराच्या भुवईवरची खूण जात न्हाई आता," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "तो बी कडी मनत होता तिला. सांगितलं मला परवा." त्यांनी सरांच्या हातातला अर्ज घेतला, चार घड्या घालून खिशात ठेवला. "ऱ्हाऊ द्या सर. बसू द्या पोरीला."

सगळ्यांनी सुकन्याकडं बघितलं. मॅडमही, लातूरहून. पोर रडेल, बापाच्या गळ्यात पडेल, असं कुणाकुणाला वाटलं असावं. ती जागची हलली नाही. आईच्या कानाशी लागली. पण आवाज सगळ्यांना गेला. "वर्गात बी सांगायला सांग. तिथं म्हणतेत."

निवृत्तीनं चिखलाच्या पायांकडं बघितलं.  तो उठला. व्हरांड्यात पायताण काढलं, दाराशी एकदा थांबला. मागोमाग सुकन्या गेली.

"काय झालं? सिंधुताई, मला झाडच दिसतंय," मॅडम विचारत होत्या. सिंधुनं टॅब सरांच्या हातात दिला आन व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

मोठं माणूस वर्गात आलं की उभं राहायचं, हे पोरांच्या अंगवळणी पडलेलं. निवृत्तीनं उंबऱ्यात पाय टाकताच चाळीस पोरं एका दमात उठली. "न-म-स्ते स-र!"

त्याला आजवर कुणी सर म्हटलं नव्हतं. तो फळ्याजवळ उभा राहिला, फरशीवर त्याच्या पायांचे ओले ठसे उमटलेले. पोरं उभीच होती. आपण 'बसा' म्हणायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं, आन ते ऐकल्याशिवाय ती बसत नव्हती. कुणीतरी खोकलं. भुवईवर व्रण असलेला सत्यम पहिल्या रांगेत, हात बाजूला ताठ धरून.

सुकन्या आपल्या जागेपाशी गेली, दप्तर सरकवलं. दोन महिन्यांत बापाशी ती एक शब्द बोलली नव्हती. आताही तिनं त्याच्याकडं नीट बघितलं नाही.

"बसा मना त्यांना," ती म्हणाली.

"बसा," निवृत्ती म्हणाला.

पोरं बसली. मग त्यानं सांगायला सुरुवात केली.